खुंटी ओढणारा हात

एखादें काम मनासारखें साधलें म्हणजे तें करणारास जो आनंद होतो, त्याची जात कोणती, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं निरुपद्रवी वाटतो. सुताराचा सांधा बेमालूम बसतो, गवयाचा तंबोरा जुळतो, गणित्याचें समीकरण सुटतें; त्या क्षणीं त्यांच्या मुखावर उमटणारें समाधान पाहून कोणी त्यांस नीतीचे धडे देऊं लागला, तर त्याला आपण अरसिक म्हणूं. कौशल्याचा आनंद निर्मळ असतो, तो स्वार्थाच्याही पलीकडचा असतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत सर्वस्वीं खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या वस्तूची जुळणी मनासारखी साधली, ती वस्तु माणसें मारण्याचें यंत्र असेल तर? तेव्हां त्या आनंदाची निर्मळता कायम राहते काय? आणि राहत नसेल तर ती नेमकी कोणत्या क्षणीं नाहींशी होते? ह्या प्रश्नांचा विचार येथें एका फार जुन्या आणि आज कोणासही भय न वाटणाऱ्या यंत्राच्या आधारें करण्याचा आमचा मानस आहे. अणुबाँबपासून आरंभ केला तर भयानेंच बुद्धि झांकोळते; म्हणून उदाहरण लहान घ्यावें हें बरें.

ह्या यंत्राचें फ्रेंच नांव ट्रेबुशे. आपल्याकडील फारसी तवारिखांत धोंडे फेंकणाऱ्या यंत्रांना मंजनीक हा शब्द येतो. नांव परकें असलें तरी त्याची रचना मराठी वाचकांस परकी वाटण्याचें कारण नाहीं. कोंकणांत विहिरीवरची लाट ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना एका टोकास धोंडा बांधलेलें लांब लांकूड दुसऱ्या टोकाची भरलेली बादली कसें लीलेनें वर उचलतें, हें ठाऊक आहे. देशावर जोंधळ्याच्या शेतांत माचावर उभा राहून पांखरें हांकणारा राखणदार ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना गोफणीची एक दोरी बोटांत अडकलेली राहते व दुसरी नेमक्या क्षणीं सुटते, हेंही ठाऊक आहे. लाटेच्या मोकळ्या टोकास गोफण बांधावी कीं ट्रेबुशे झालें. आंसाच्या एका बाजूस आंखूड दांडा व त्यास टांगलेली वजनाची पेटी. दुसऱ्या बाजूस लांब दांडा व त्याच्या टोकास गोफण. लांब दांडा खालीं ओढून खुंटीनें अडकवावयाचा; खुंटी ओढली कीं पेटी खालीं येते, दांडा वर झेप घेतो, गोफण त्याच्या मागोमाग गरकन् फिरते, आणि तिच्या एका दोरीचा फांसा दांड्याच्या टोकावरील आंकड्यावरून निसटून धोंडा सुटतो.

वजनाच्या पेटीचें हें यंत्र बाराव्या शतकांत भूमध्यसमुद्राच्या भोंवतालच्या देशांत पुढें आलें. सलाउद्दीनासाठीं तर्सूसी नामक विद्वानानें त्याच शतकाच्या उत्तरार्धांत लिहिलेल्या ग्रंथांत त्याचें वर्णन आहे. तेराव्या शतकांतील फ्रेंच कारागीर विलार द ओन्कूर याच्या चित्रवहींत त्याच्या बैठकीचा आराखडा आहे. वरच्या भागाचें चित्र असलेलें पान मात्र गहाळ झालें आहे. कुबलाईखानानें चीनमधील श्यांगयांग शहर १२७३ सालीं घेतलें, तें पश्चिमेकडून आणविलेल्या मुसलमान यंत्रकारांच्या अशाच यंत्रांच्या साह्यानें. ह्याच्याही पूर्वी, पेटीऐवजीं माणसांनीं दोर ओढून चालवावयाचें याचें जुनें रूप प्रचारांत होतें. तें मूळचें चीनमधलें. पुढें तोफ आली आणि हें यंत्र अडगळींत पडलें.

अडगळींतून तें आतां हौशी लोकांच्या परसांत आलें आहे. आमचा एक पुतण्या इंजिनियरिंग कॉलेजांत शिकतो. त्यानें गेल्या दिवाळीच्या सुटींत असें एक लहान यंत्र आमच्या घरीं तयार केलें. दांडा एक मीटर लांबीचा, आंसाच्या एका बाजूस ८० सेंटिमीटर व दुसऱ्या बाजूस २०; वजन म्हणजे वाळूनें भरलेला ५ किलोचा पत्र्याचा डबा; गोळी ५० ग्रॅमची, मळून वाळविलेल्या मातीची; आंस म्हणजे लोखंडी सळई; आणि आंकडा म्हणजे डोकें उडविलेला एक खिळा. डबा सुमारें ३४ सेंटिमीटर खालीं येत असे. वजन गोळीच्या शंभरपट. वाऱ्याचा व घर्षणाचा अडथळा मुळींच नसता आणि वजनाची सारी शक्ति गोळीस मिळती, तर ती ६८ मीटर जावी, एवढें गणित त्यानें कागदावर करून ठेविलें होतें. पहिल्या दिवशीं ती जेमतेम १२ मीटर गेली. त्यानंतरचे चार दिवस त्यानें जें केलें, त्यास मराठींत जुळविणें ह्याहून चांगला शब्द नाहीं.

ह्या जुळणीचें मर्म त्या खिळ्यांत आहे. खिळा दांड्याच्या रेषेंत सरळ असला तर फांसा लौकर निसटतो. गोळी आकाशांत उंच जाते, क्वचित् मागेंही येते, आणि म्हणूनच अशा यंत्राच्या पाठीमागें उभें राहणें हें पुढें उभें राहण्याइतकेंच धोक्याचें असतें. खिळा पुढें वांकविला तर फांसा उशिरां निसटतो, आणि फार वांकविला तर गोळी समोरच्या जमिनींत आपटते. ह्या दोहोंच्या मध्यें कोठें तरी योग्य जागा असते. परंतु गोफणीची लांबी बदलतांच ती जागाही सरकते. म्हणून एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, तीन वेळां फेंकून पाहावें, वहींत आंकडे लिहावे, आणि मगच दुसरीस हात घालावा. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा केंसभर सरकविला कीं तार एकदम बोलूं लागते. तसाच कांहींसा प्रकार येथें होतो. खिळा किंचित् वांकविला आणि गोळी २१ मीटरांवर गेली. गोफण चार बोटें आंखूड केली आणि ती ३४ मीटरांवर पडली.

यंत्र जुळल्याची खूण केवळ अंतर ही नव्हे. चांगलें जुळलेलें यंत्र गोळी सुटण्याच्या क्षणीं जवळजवळ स्तब्ध होतें. खालीं आलेला डबा तेथेंच क्षणभर थबकल्यासारखा दिसतो. कारण त्याच्यापाशीं होतें तें सारें त्यानें गोळीस देऊन टाकलेलें असतें. न जुळलेलें यंत्र मात्र गोळी गेल्यावरही खडखडत, हिंदकळत राहतें. न दिलेली शक्ति त्याच्याच सांध्यांवर आघात करिते. गोफणींत कांहीं न ठेवतां खुंटी ओढली तर सारा आघात यंत्रावरच येतो. पुतण्यानें आम्हांस हें दाखविलें तेव्हां त्याच्या डोळ्यांत जी चमक होती, ती खऱ्या विद्यार्थ्याची होती. तीस वर्षें आम्ही वर्गांत ती चमक शोधीत आलों आहों. तिचें मोल आम्हांस कोणी सांगावयास नको. येथपर्यंत तरी कोणीही ह्या आनंदास दोष देणार नाहीं.

आतां ह्याच आनंदाचें दुसरें टोक पाहूं. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानें १३०४ सालच्या एप्रिलांत स्कॉटलंडांतील स्टर्लिंगच्या किल्ल्यास वेढा घातला. वजनांसाठीं आसपासच्या चर्चांच्या छपरांवरील शिसें काढून आणविलें गेलें. राणीस व तिच्या परिवारांतील स्त्रियांस वेढा पाहतां यावा म्हणून गांवांतील घरास मुद्दाम खिडकी पाडण्यांत आली. अनेक यंत्रें धोंडे फेंकीत असतांच राजानें एक सर्वांत मोठें ट्रेबुशे बांधावयास घेतलें. त्याचें नांव वॉरवुल्फ, म्हणजे युद्धवृक. अनेक कारागीर त्यावर राबले. जुलैमध्यें किल्ल्यांतील मूठभर लोक उपासमारीनें व माऱ्यानें टेंकीस येऊन शरण येऊं लागले. तेव्हां राजानें काय करावें? त्यानें शरणागति घेतली नाहीं. युद्धवृकाचा आघात किल्ल्यावर झाल्याखेरीज कोणीही आंत जाऊं नये, आणि आंतील लोकांनीं आपला बचाव जमेल तसा करावा, अशी त्याची आज्ञा झाली. यंत्र चाललें, तट फुटला, आणि मगच शरणागति मान्य झाली.

ह्या प्रसंगास राजाचा क्रूरपणा असें म्हणून पुढें जाणें सोपें आहे. आम्हांस तें पुरेसें वाटत नाहीं. क्रूरपणाला कांहीं तरी मिळवावयाचें असतें. एडवर्डास विजय हवा होता, तो हातीं आला होता. सूड हवा असता तर शरण आलेल्यांवर तो घेतां आला असता. शिल्लक उरली होती ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे एवढ्या कष्टानें उभें केलेलें यंत्र चालतें कीं नाहीं हें पाहण्याची इच्छा. ही इच्छा आणि आमच्या पुतण्याच्या डोळ्यांतील चमक ह्यांमध्यें जातीचा भेद आहे, असें छातीस हात लावून आम्हांस म्हणवत नाहीं. दोन्ही ठिकाणीं प्रश्न एकच: चालतें काय? भेद आहे तो समोर काय आहे ह्यांत.

येथें एक आक्षेप सहज निघेल. यंत्र हें जड आहे. जडास पाप-पुण्य कोठलें? खंडेनवमीस आपल्याकडे तलवार, कोयता, वाकस, तराजू ह्या सर्वांस एकाच पाटावर मांडून एकाच हळदीकुंकवानें पुजतात, ती काय उगीच? आक्षेपांत तथ्य आहे. अल्लाउद्दीन खिलजीनें १३०१ सालीं रणथंभोरास वेढा घातला, तेव्हां किल्ल्यांतून फेंकलेल्या धोंड्यानेंच त्याचा सरदार नुसरतखान प्राणास मुकला. म्हणजे जें यंत्र चढाई करणाऱ्याचें, तेंच बचाव करणाऱ्याचेंही. यंत्र बाजू घेत नाहीं. धोंडा, वजन, कोन ह्यांना राजा कोण आणि रयत कोण हें कळत नाहीं. तेव्हां दोष यंत्राच्या लांकडांत नाहीं, हें आम्ही मान्य करितों.

परंतु यंत्र निर्दोष आहे ह्याचा अर्थ तें माणसाच्या मनावर कांहींच करीत नाहीं, असा नव्हे. माणसांनीं ओढावयाचें जुनें यंत्र आणि वजनाच्या पेटीचें नवें यंत्र ह्यांतला भेद ह्या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. इ. स. ७१२ च्या सुमारास महंमद बिन कासीम यानें सिंधमधील देवल घेतलें, त्या वेळीं त्याच्याजवळ एक मंजनीक होतें, तें चालविण्यास पांचशें माणसें लागत आणि त्याचें नांव होतें अरूस, म्हणजे नववधू, असें अरब इतिहासकार बलाझुरी सांगतो. पांचशें माणसांनीं एकदम दोर ओढावयाचा! त्या प्रत्येकाच्या खांद्यास त्या धोंड्याचा भार कळत होता. दहा धोंडे फेंकावयाचे तर दहा वेळां घाम गाळावा लागे. दमलेला खांदा हा कांहीं विवेक नव्हे. परंतु तो निदान माणसास आपण कांहीं तरी करीत आहों ह्याची आठवण देतो. वजनाच्या पेटीनें ही आठवण पुसून टाकली. तेथें कष्ट आधीं होतात, सावकाश होतात, आणि बहुधा दुसऱ्याच कोणाकडून होतात. पेटी एकदां वर चढली कीं तो सारा कष्ट तेथें मुकाट्यानें टांगून राहतो. मग एक माणूस पुढें येऊन खुंटी ओढतो. त्याच्या हातास खुंटीएवढाच भार कळतो, धोंड्याचा कळत नाहीं.

कष्ट आणि कृति ह्यांची ही जी ताटातूट झाली, तीच पुढील सर्व युद्धयंत्रांची दिशा ठरली असें आम्हांस वाटतें. खुंटीच्या जागीं घोडा आला, घोड्याच्या जागीं बटण आलें. हातास कळणारा भार कमी कमी होत गेला आणि धोंडा वाढत वाढत गेला. अमेरिकन शास्त्रज्ञ ओपेनहायमर यांनीं १९५४ सालच्या चौकशींत दिलेली एक कबुली ह्या संबंधांत प्रसिद्ध आहे. तिचा आशय असा कीं, एखादी कल्पना तांत्रिक दृष्टीनें गोड दिसली कीं माणूस ती आधीं पुरी करितो, आणि तिचें काय करावयाचें हा वाद यश आल्यानंतर घालतो. एडवर्ड राजा आणि हा विद्वान् ह्यांच्या शीलांत जमीन-अस्मानाचें अंतर होतें. परंतु गोडी दोघांनाही कळली होती, आणि दोघांच्याही बाबतींत दुसरा प्रश्न पहिल्या प्रश्नाच्या मागून आला. चालतें काय, हें आधीं. कशावर, हें नंतर.

मग ह्यास उपाय काय? यंत्रें करूंच नयेत, मुलांच्या हातांत अशीं खेळणीं देऊंच नयेत, असें सांगणारे सज्जन आहेत. त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस आदर आहे, पण त्यांचा उपाय पटत नाहीं. ज्याच्या हातास कधीं कांहीं साधलेंच नाहीं, त्याला साधण्याच्या मोहाची ओळखही होत नाहीं; आणि ओळख नसलेला मोह ऐन वेळीं माणसास गांठतो. मोहाची ओळख मातीच्या गोळीनें व्हावी, हें शिशाच्या गोळीनें होण्यापेक्षां केव्हांही चांगलें.

ह्या बाबतींत आम्हीं जें पाहिलें तें सांगतों. पुतण्याची धाकटी बहीण नऊ वर्षांची आहे. तिनें परसांत दिवाळीचा किल्ला केला होता: दगडविटांवर माती लिंपलेली, उतारावर अळीव पेरून हिरवळ आणलेली, वर सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे, पायथ्याशीं गवळण, वाणी व दोन गाई. भाऊबीज झाल्यावर किल्ला मोडावयाचाच असतो. तेव्हां तो यंत्रानें मोडूं, असा करार भाऊबहिणींत झाला. डब्यांतील निम्मी वाळू काढून अंतर बरोबर जुळविलें. सांज होत आली होती, उजेड जाण्याच्या आंत एक तरी नेम साधावा अशी पुतण्यास घाई झाली होती, आणि खुंटीची दोरी त्याच्या हातांत होती. इतक्यांत ती म्हणाली, "दादा, थांब." ती किल्ल्यापाशीं गेली. तिनें प्रथम महाराजांस उचललें, मग एक एक मावळा, मग गवळण, वाणी आणि दोन्ही गाई परकराच्या ओंच्यांत घेतल्या. एक मावळा अळिवांत दडला होता. तो सांपडेपर्यंत ती शोधीत राहिली. मग बाजूस येऊन म्हणाली, "आतां मार."

मूल बाहुल्यांस जीव लावतें, त्याचें एवढें कौतुक कशाला, असें कोणी म्हणेल. आम्हांस कौतुक दोघांचेंही वाटलें, आणि थोडें अधिक भावाचें. तिला किल्ला प्रिय होता. त्यास यंत्र प्रिय होतें, तें नुकतेंच जुळलें होतें, उजेड जात होता, आणि समोर मातीचीं चित्रें होतीं, ज्यांना इजा म्हणून होत नाहीं. तरीही त्यानें दोरी सैल सोडली. स्टर्लिंगच्या राजाला ह्याहून पुष्कळ अधिक वेळ होता आणि किल्ल्यांतील माणसें आपणहून बाहेर येत होतीं. त्यानें त्यांस आंत ठेवून खुंटी ओढविली. कुतूहल दोघांचेंही सारखेंच तीव्र होतें. म्हणून आम्ही म्हणतों कीं कौशल्याच्या आनंदाची निर्मळता यंत्र बांधतांना जात नाहीं, जुळवितांना जात नाहीं, तें चालावें अशा इच्छेनेंही जात नाहीं. कोणी "थांब" म्हटल्यावर हात थांबत नाहीं, त्या क्षणीं ती जाते. आणि "थांब" म्हणणारें कोणी जवळ नसेल, तर तें म्हणण्याचें काम यंत्रकाराचें स्वतःचें आहे. तें राजाकडे, सरकारकडे किंवा खुंटी ओढणाऱ्या शिपायाकडे सोपवून त्यास मोकळें होतां येणार नाहीं. कारण आपला धोंडा कोठवर जातो हें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणासही ठाऊक नसतें.

पुतण्याच्या वहींत पांच रकाने आहेत: गोफणीची लांबी, खिळ्याचा कोन, वजन, गोळी आणि अंतर. वही फार व्यवस्थित आहे. तींत सहावा एक रकाना आंखावा, असें आम्हीं त्यास सुचविलें आहे: समोर काय होतें. पहिल्या पंचवीस-तीस फेंकींपुढें तेथें 'मोकळें मैदान' एवढेंच लिहावें लागेल, आणि तें लिहिण्याचा कंटाळा येईल. तरीही तें लिहावें. पुढें-मागें तो मोठा इंजिनियर होईल, मोठीं यंत्रें जुळवील, आणि कोणत्या तरी कचेरींत कोणी तरी त्यास सांगेल कीं हा रकाना तुमच्या खात्याचा नव्हे. त्या दिवशीं तो भरण्याची संवय हातास असलेली बरी.